‘असंच करतात’ इथून पुढे: पुराव्यावर आधारित नर्सिंगसाठी प्रश्न कसा बांधायचा

खिशात ठेवायच्या एका जुन्या वहीत माझ्याच अक्षरात अशी नोंद आहे: ‘बेड ७. सलाईन नीट चालू. हात मऊ, लाली नाही, दुखत नाही. तिसरा दिवस म्हणून कॅन्युला काढली. दुसऱ्या हाताला तीनदा टोचलं. आजी म्हणाल्या, चांगली होती की गं. खरंच, का काढली?’

कॅन्युला म्हणजे सलाईन किंवा औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी. नोकरीला लागून तेव्हा चार महिने झाले होते. सिनियर सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, ‘बहात्तर तास झाले की बदलायची.’ त्यांची काही चूक नव्हती, वॉर्डाचा नियमच तसा होता. पण हा नियम कशावरून आला, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. मग मीच शोधायला बसले. पहिल्या संध्याकाळी काहीच हाती लागलं नाही, कारण मी शोधत होते ते ‘सलाईनची सूज कशी टाळावी’. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एक उत्तर नसतं, शेकडो असतात.

पुराव्यावर आधारित नर्सिंग म्हणजे तीन गोष्टींची सांगड: चांगल्या संशोधनातून आलेला पुरावा, नर्सचा स्वतःचा अनुभव आणि रुग्णाला काय हवं आहे ते. क्रम असा, की आधी प्रश्न विचारायचा, मग पुरावा शोधायचा, पारखायचा, वापरायचा आणि काय फरक पडला ते बघायचं. शिकवताना शोधण्या-पारखण्यावर तासन्‌तास जातात आणि प्रश्नाचं काम मात्र ‘पिकोचे रकाने भरा’ एवढ्यावर उरकतं. (पिको म्हणजे प्रश्न रुग्ण, उपाय, तुलना आणि परिणाम अशा रकान्यांत मांडायचा साचा.) माझा अनुभव उलटा आहे. रकाने पाच मिनिटांत भरतात. प्रश्न फसतो तो त्यातल्या एकाच रकान्यात, ‘परिणाम’ या. म्हणून पुढे त्या रकान्यापाशी जास्त वेळ थांबणार आहे, बाकीच्यांत कमी.

पायरी १: शंका आली तशी लिहा

शंका कामाच्या धांदलीत येते आणि ओव्हर देईपर्यंत, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे काम सोपवेपर्यंत, विरून जाते. म्हणून वही. मोबाईलवर टिपलं तरी चालेल, फक्त रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक किंवा फोटो त्यात नको. भाषा सुधारायच्या फंदात पडू नका. शंका कच्चीच बरी, कारण नेमकं काय खटकलं ते तिच्यातच असतं.

कुठे शोधायची? एकच काम दोन शिफ्टमध्ये दोन पद्धतींनी होतं तिथे हमखास सापडते. एक सिस्टर सक्शनच्या (श्वासाच्या नळीतला कफ ओढून काढण्याच्या) आधी नळीत सलाईन सोडते, दुसरी सोडत नाही, आणि दोघींनाही आपलंच बरोबर वाटतं. रुग्णाला त्रास होतो पण फायदा दिसत नाही तिथेही सापडते. आणि ‘पहिल्यापासून असंच करतात’ हे उत्तर जिथे मिळतं, तिथे थांबाच. नव्या माणसाची नजर अजून सरावलेली नसते. वर्षभरात ती बोथट होते, तोवर भरपूर लिहून घ्या.

पायरी २: माहितीचा प्रश्न की निर्णयाचा?

‘फ्लेबायटिस म्हणजे काय?’ हा माहितीचा प्रश्न. ‘या रुग्णाची चांगली चालणारी कॅन्युला आज काढू की राहू देऊ?’ हा निर्णयाचा. माहितीच्या प्रश्नाला पाठ्यपुस्तक पुरतं, किंवा वॉर्डाची प्रमाणित कार्यपद्धती. निर्णयाच्या प्रश्नाला संशोधन लागतं. ओळखायची खूण सोपी आहे: प्रश्नात ‘हे की ते’ दडलेलं असेल तर तो निर्णयाचा.

सुरुवातीला बहुतेक प्रश्न माहितीचेच असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. गडबड होते ती माहितीचा प्रश्न ओढूनताणून पिकोच्या साच्यात बसवल्यावर. ‘बेडसोअर कशामुळे होतात’ याला तुलना कशी लावणार?

निर्णयाच्या प्रश्नाआधी माहितीचे एक-दोन प्रश्न निस्तरून घ्यावे लागतात. माझ्या बाबतीत तो गोंधळ एका शब्दाचा होता. वॉर्डात आपण सरसकट ‘हात सुजला’ म्हणतो. पण फ्लेबायटिस म्हणजे शिरेचा दाह: लाली, दुखणं, ऊब, पुढे शीर दोरीसारखी हाताला लागणं. इन्फिल्ट्रेशन म्हणजे द्रव शिरेतून बाहेर, आजूबाजूच्या भागात झिरपणं: तिथला भाग फुगतो, ताणला जातो, गार लागतो, थेंब मंदावतात. दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळी कारणं. हा फरक लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

पायरी ३: प्रश्नाची जात ओळखा

सगळे निर्णयाचे प्रश्न ‘हा उपाय बरा की तो’ असे नसतात. प्रश्नाची जात कळली की कुठल्या प्रकारचं संशोधन शोधायचं तेही कळतं.

उपायाचा प्रश्न असेल तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचण्या शोधायच्या, म्हणजे रँडमाइज्ड ट्रायल. अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा मिळाला तर उत्तमच. एखाद्या गोष्टीने अपाय होतो का, किंवा या रुग्णांचं पुढे काय होतं, असे प्रश्न असतील तर माणसांच्या गटाचा बराच काळ मागोवा घेणारे अभ्यास बघायचे. जाणूनबुजून कुणाला अपाय करून चाचणी घेता येत नाही, हे उघड आहे.

तपासणीचा प्रश्न जरा वेगळा. रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) पोटातच आहे का हे ठरवायला सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकायचं, की ट्यूबमधून ओढलेल्या द्रवाचा पीएच, म्हणजे आम्लता, बघायचा? इथे दोन पद्धती एकमेकींशी ताडून भागत नाही. दोन्ही एका भरवशाच्या कसोटीवर घासाव्या लागतात, आणि ती कसोटी म्हणजे एक्स-रे. ५.५ किंवा त्याहून कमी पीएच आला तर नळी जठरात असल्याचं साधारणपणे धरतात. हवेचा आवाज मात्र नळी श्वासमार्गात असतानाही पोटावर ऐकू येऊ शकतो, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर फीड सुरू करायचं नसतं. या प्रश्नात ‘परिणाम’ म्हणजे ती पद्धत किती वेळा बरोबर सांगते आणि किती वेळा चुकते.

आणि एक जात नर्सिंगच्या फार जवळची आहे: अनुभवाचा प्रश्न. ‘स्टोमा (शस्त्रक्रियेने पोटावर केलेलं मल-मूत्राचं तोंड) झालेल्या माणसाला घरी गेल्यावर पहिल्या महिन्यात कसं वाटतं?’ यात उपायही नाही, तुलनाही नाही. इथे तीनच गोष्टी लिहायच्या: कोण, कशाचा अनुभव, कुठल्या परिस्थितीत. आणि शोधायच्या मुलाखती घेऊन केलेल्या गुणात्मक अभ्यासांत. असा प्रश्न कुणी ‘पिकोत बसत नाही’ म्हणून परत केला तर प्रश्न बदलू नका, साचा बदला.

पायरी ४: रकाने भरा

पिकोची मांडणी १९९५ साली स्कॉट रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या लेखात केली. पी म्हणजे रुग्ण किंवा समस्या, आय म्हणजे उपाय, सी म्हणजे तुलना, ओ म्हणजे परिणाम. पुढे काळाचा टी जोडला गेला आणि पिकॉट झालं. कागदावर पाच आडव्या रेघा मारा आणि एकेक भरा.

रुग्णाच्या रकान्यात नुसतं ‘पेशंट’ लिहिलं तर काहीच लिहिलं नाही. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘७२ वर्षांची मधुमेही स्त्री, डाव्या हातात २२ नंबरची कॅन्युला’ एवढं बारीक लिहिलं तर जगात कुठे अभ्यास सापडणार नाही. प्रत्येक तपशिलाला एकच विचारा: हा बदलला तर उत्तर बदलेल का? वय मोठं की नवजात, याने बदलेल, बाळांच्या शिरा आणि त्वचा वेगळ्या. डावा हात की उजवा, याने बहुधा नाही. मी शेवटी लिहिलं: ‘वॉर्डात दाखल असलेले प्रौढ, ज्यांना हाताच्या शिरेतून काही दिवस औषध किंवा द्रव द्यायचा आहे.’

उपायाच्या रकान्यात काय, कोण, किती वेळा हे आलं पाहिजे. ‘गरज पडली तरच बदलणं’ हे अर्धवट आहे. गरज कोण ठरवणार? मी लिहिलं: ‘दर शिफ्टला नर्सने जागा बघून, दाह, गळती किंवा अडथळा दिसला तरच बदलणं.’ हे लिहिताना लक्षात आलं की आपल्याकडे दर शिफ्टला जागा बघितली जाते का, हाच मुळात प्रश्न आहे.

तुलनेत ‘नेहमीची काळजी’ लिहायची सवय सोडा. नेहमीची म्हणजे कुठली? २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास घ्या. अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांमधल्या ९४२ रहिवाशांना दर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलून तीन आठवडे पाहिलं. बेडसोअर होण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. हे वाचून ‘चला, चार तासांनी पोझिशन दिली तरी चालते’ म्हणणारा फसेल, कारण ते सगळे रहिवासी दाट फोमच्या खास गाद्यांवर होते. तुमच्या वॉर्डात साध्या गाद्या असतील तर तुमचा प्रश्न वेगळा आणि त्याचं उत्तरही वेगळं असू शकतं. तुलनेच्या रकान्यात गादीचा उल्लेख नसेल तर हे तुमच्या लक्षातही येणार नाही. मी माझ्या रकान्यात लिहिलं: ‘चांगली असली तरी ७२ ते ९६ तासांनी बदलणं.’

आता परिणाम. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘सूज कमी होते.’ या तीन शब्दांत तीन चुका आहेत. कुठली सूज, फ्लेबायटिसची की इन्फिल्ट्रेशनची? मोजणार कशाने? आणि ‘कमी होते’ म्हटल्यावर उत्तर मीच देऊन टाकलं नाही का?

हा रकाना भरायची माझी रीत अशी. आधी या निर्णयाने जे जे बदलू शकतं ते सगळं कागदावर उतरवायचं, चांगलं-वाईट न निवडता. कॅन्युलाच्या बाबतीत यादी अशी झाली: फ्लेबायटिस, इन्फिल्ट्रेशन, कॅन्युला बंद पडणं, रक्तातला संसर्ग, एकूण किती वेळा टोचलं, दुखणं, नर्सचा वेळ, साहित्याचा खर्च. मग तीन चाळण्या लावायच्या.

पहिली, रुग्णाला यातलं काय महत्त्वाचं वाटतं? आजींना फ्लेबायटिसचा स्कोअर ठाऊक नव्हता, त्यांना परत टोचून घ्यायचं नव्हतं. वरच्या यादीतली ‘किती वेळा टोचलं’ ही गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती, त्यांच्यामुळे आली. दुसरी, हे सगळ्यांना सारखं मोजता येईल का? ‘रुग्णाला बरं वाटलं’ हे मोजमाप नव्हे. शून्य ते दहाच्या मापावर वेदना किती, हे मोजमाप. फ्लेबायटिससाठी तयार स्कोअर आहेत, ते वापरा, स्वतःचा नवा बनवू नका.

तिसरी चाळणी सगळ्यांत कामाची, आणि शिकवताना हीच सुटते. आपल्याला मनातून जो पर्याय आवडतो, तो ज्यात हरू शकेल असा किमान एक परिणाम यादीत ठेवा. मला कॅन्युला राहू द्यावी असंच वाटत होतं, हे कबूल करते. मग राहू दिली तर काय बिघडू शकतं? जास्त दिवस राहिली तर द्रव बाहेर झिरपू शकतो. संसर्ग होऊ शकतो. हे दोन्ही परिणाम मला नको होते म्हणूनच ते यादीत हवे होते.

असं न केल्याने काय होतं याचं उदाहरण अतिदक्षता विभागात आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचं तोंड क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने स्वच्छ करणं वर्षानुवर्षं चाललं, कारण प्रश्न न्यूमोनियाचा होता. पुढे मृत्यू हाही परिणाम धरून आकडे तपासले गेले, तेव्हा त्याच्या फायद्याबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल शंका निघाल्या. २०२२ च्या अमेरिकी तज्ज्ञ संस्थांच्या शिफारशींनी क्लोरहेक्सिडिन ‘नको’च्या यादीत टाकलं आणि ब्रशने दात घासण्याला आवश्यक कामांत जागा दिली. उपाय तोच होता, परिणामाचा रकाना बदलला आणि उत्तर फिरलं.

काळाचा रकाना पटकन उरकतो. तो म्हणजे तुमच्या प्रकल्पाला किती महिने लागतील ते नव्हे, परिणाम दिसायला किती काळ थांबायचं ते. बेडसोअरसाठी काही आठवडे, दुखण्यासाठी कदाचित अर्धा तास. माझ्या प्रश्नात ‘दाखल असेपर्यंत’ एवढं पुरलं. काही प्रश्नांत हा रकाना रिकामा राहतो, राहू द्या.

पायरी ५: एक वाक्य करा आणि ते फोडून बघा

साचा सरळ आहे: अमुक रुग्णांमध्ये, तमुक केल्यास, दुसऱ्या पर्यायाच्या तुलनेत, अमुक परिणामांत काय फरक पडतो? शेवटी ‘काय फरक पडतो’ असंच म्हणा. ‘कमी होतं का’ म्हटलं की आपण बाजू घेतली.

माझं वाक्य असं झालं: ‘वॉर्डात दाखल प्रौढांमध्ये हाताच्या शिरेतली कॅन्युला दर शिफ्टला तपासून फक्त लक्षणं दिसल्यावर बदलल्यास, ठरावीक ७२ ते ९६ तासांनी बदलण्याच्या तुलनेत, दाखल असेपर्यंत फ्लेबायटिस, इन्फिल्ट्रेशन, रक्तातला संसर्ग आणि टोचण्याची संख्या यांत काय फरक पडतो?’ लांबट आहे, मान्य. पण प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते सांगता येतं.

मग ते मोडतंय का बघा. याचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘काहीच फरक नाही’ असं येऊ शकतं का? एका विद्यार्थिनीने मला प्रश्न दाखवला होता: ‘रुग्णांच्या काळजीत तोंडाची स्वच्छता महत्त्वाची आहे का?’ याला ‘नाही’ कोण म्हणेल? हा प्रश्न नाही, घोषणा आहे. उपायाच्या रकान्यात ‘आणि’ आला का? ‘शिक्षण आणि व्यायाम आणि फोनवर पाठपुरावा’ असं असेल तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. (परिणामांत ‘आणि’ चालतो, वर माझ्याच वाक्यात आहे.) आणि शेवटी, उत्तर मिळालं तर आपण काही बदलू शकतो का? औषध कुठलं द्यायचं हे आपल्या हातात नसेल तर तो प्रश्न डॉक्टरांसोबत बसून विचारायचा.

हे वाक्य दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तुम्हाला ‘म्हणजे असं की...’ म्हणावं लागेल, तिथे वाक्य कच्चं आहे.

पायरी ६: वाक्यातून शोधशब्द

आता रकाने खरे उपयोगी पडतात. प्रत्येक रकान्यातल्या कल्पनेला जेवढे पर्यायी शब्द सुचतील तेवढे इंग्रजीत लिहा. एकाच कल्पनेचे शब्द ‘ऑर’ने जोडा, वेगवेगळ्या कल्पना ‘अँड’ने. ‘ऑर’ने जाळं पसरतं, ‘अँड’ने आवळतं.

माझी पहिली अडचण मजेशीर होती. आपण ‘कॅथेटर’ म्हटलं की लघवीची नळी डोळ्यांसमोर येते, पण संशोधनात आपली कॅन्युला ‘पेरिफेरल व्हेनस कॅथेटर’ या नावाने वावरते. हे कळेपर्यंत अर्धे लेख हुकले. पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मोफत शोधस्थळ, त्यात ‘मेश’ नावाची प्रमाणित शब्दांची यादी आहे. आपला घरगुती शब्द तिथे टाकून अधिकृत शब्द बघून घ्यायचा. मग ‘रूटीन रिप्लेसमेंट’ आणि ‘क्लिनिकली इंडिकेटेड’ हे दोन शब्द जोडले आणि यादी एकदम आटोक्यात आली.

पहिल्या फेरीत फक्त रुग्ण आणि उपाय टाका. परिणामाचे शब्द टाकले की चांगले लेख गळतात, कारण लेखक ते सारांशात लिहितीलच असं नाही. हजारो लेख आले तरच पुढचा रकाना जोडा. उपायाचा प्रश्न असेल तर सुरुवात कॉक्रेनच्या (चाचण्यांचे एकत्र आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) आढाव्यांपासून करा, बरंच काम कुणीतरी आधीच केलेलं असतं. नर्सिंगच्या नियतकालिकांसाठी सिनाहल हे शोधस्थळ चांगलं, पण त्याला वर्गणी लागते. ग्रंथपालांना विचारा. खरं तर ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी विचारा, मी उगाच संकोचले.

काय सापडलं

ऑस्ट्रेलियातल्या ३२८३ रुग्णांची चाचणी २०१२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. लक्षणं दिसल्यावर बदलणं विरुद्ध तिसऱ्या दिवशी बदलणं, हुबेहूब माझीच तुलना. फ्लेबायटिस दोन्ही गटांत ७ टक्के. फरक नाही. मी खूश.

मग २०१९ चा कॉक्रेनचा आढावा उघडला: ९ चाचण्या, ७४१२ रुग्ण. फ्लेबायटिसमध्ये इथेही ठळक फरक नव्हता आणि गरजेनुसार बदलण्यात खर्च कमी. पण इन्फिल्ट्रेशन ठरावीक वेळेला बदलणाऱ्या गटात बहुधा थोडं कमी होतं. म्हणजे मला न आवडणारा परिणाम यादीत नसता तर हे वाक्य मी वाचलंच नसतं, आणि ‘हात सुजला’ एवढ्यावर थांबले असते तर दोन्ही सुजा एकत्र धरून चुकीचं काहीतरी सांगत बसले असते.

असं उत्तर हाती आलं म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनाने नियम मोडायचा नाही. प्रश्नाचं वाक्य, सापडलेले दोन लेख आणि परिणामांची यादी एका पानावर लिहून इन्चार्ज सिस्टरकडे जायचं, त्यांच्यामार्फत संसर्ग नियंत्रण समितीकडे. मी गेले तेव्हा त्यांनी पान वाचलं आणि पहिलंच विचारलं, ‘दर शिफ्टला बघणार म्हणतेस, रात्री दोन वाजता पट्टीखाली कोण बघतं?’

वहीत पुढची ओळ तीच आहे.